खोखे मी वेचतो, तुम्ही समोर बघा

हवालदार परसराम रामटेके, मूळ गाव दवनीवाडा, जिल्हा गोंदिया. हे नाव आधी लिहितो. पुढचं सगळं सांगायला मी जिवंत आहे, तो या माणसामुळे. दुसरं नाव लखन ठाकूर. आमच्या कंपनीचा न्हावी, गाव दरभंग्याकडचं. त्याचंही देणं माझ्यावर आहे, पण ते फिटण्यातलं नाही.

मी गडहिंग्लज तालुक्यातला. नववीत शाळा सुटली. वर्गात उभं केलं की माझी वाचाच बसायची. मास्तरांनी नुसतं बघितलं तरी पाठ केलेली कविता पुसून जायची. आठवीच्या दाखल्यावर निमलष्करी दलात कुक म्हणून भरती झालो. भरतीनंतर सगळ्यांबरोबर रायफल हातात मिळाली, चार गोळ्या झाडल्या, कागदावर सही झाली. त्यानंतर हातात आली ती कलछी, म्हणजे वाढायचा डाव. आठ-दहा वर्षं मी माणसं जेवू घातली, दुसरं काही केलं नाही.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास आमची कंपनी नक्षलविरोधी बंदोबस्तासाठी गोंदिया जिल्ह्यात आली. कोल्हापुरातून थेट गाडी होती. एका टोकाला बसायचं आणि दुसऱ्या टोकाला उतरायचं. सुट्टी संपवून परत येताना दीड दिवस खिडकीत बसून मी एकच विचार करायचो, आपल्याला काही झालं तर घरचे इथपर्यंत पोहोचणार कसे?

कॅम्प अर्जुनी-मोरगावच्या बाजूला, जंगलाच्या कडेला होता. पत्र्याच्या बराकी, भोवती तार, चार कोपऱ्यांना वाळूच्या पोत्यांचे मोर्चे. आमचा दिनक्रम ठरलेला. पहाटे भट्टी पेटवायची, साडेपाचला चहा, आठला नाश्ता. फायरिंगचा दिवस असला की आम्ही ट्रेड्समन, म्हणजे कुक, न्हावी, धोबी आणि पाणीवाला, चहाचे डबे घेऊन रेंजवर जायचो. चहा वाटून झाला की खरं काम सुरू व्हायचं. खोखे वेचायचे. गोळी उडाल्यावर रायफलीतून बाहेर पडतं ते पितळी नळकांडं म्हणजे खोखा. जितक्या गोळ्या उडाल्या तितके खोखे परत जमा व्हावे लागतात. एक कमी भरला तरी हिशेब अडतो. त्यामुळे आमची नजर कायम जमिनीकडे. पितळ चमकलं की हात गेलाच.

मग आमच्या दोन प्लाटून दुसरीकडे पाठवल्या आणि कॅम्पात माणसं कमी पडली. कंपनी कमांडर साहेबांचा हुकूम आला. ट्रेड्समनही पहाऱ्यावर उभे राहतील, त्यांचं रायफल ट्रेनिंग हवालदार रामटेके घेतील.

त्या संध्याकाळी जेवणाच्या रांगेत आमचं बारसं झालं. कलछी कंपनी.

"अब तो दुश्मन को दाल पिलाके मारेंगे!" एक शिपाई म्हणाला.

"तुम चार साल से पी रहे हो, मरे क्या?" लखन म्हणाला. तो असाच होता. त्याचं तोंड आणि कात्री एकाच वेगाने चालायची.

दुसऱ्या दिवशी मोहाच्या झाडाखाली पहिला क्लास. उस्तादांनी ताडपत्री अंथरली. तिच्यावर चार एसएलआर रायफली, प्रत्येकीला गोळ्या भरायच्या दोन मॅगझिन आणि ड्रिलच्या खोट्या गोळ्या. शिकवणाऱ्याला आमच्याकडे उस्ताद म्हणतात. रामटेके उस्ताद उंचीने बेताचे, आवाज खालचा. शिवी देताना त्यांना मी कधी ऐकलं नाही, आणि हे फौजेत सांगितलं तर लोक हसतात. माणसांना ते जिल्ह्याच्या नावाने हाक मारायचे. मी कोल्हापूर, लखन दरभंगा.

"हे रायफल थांबते," ते म्हणाले. "सगळ्याच थांबतेत. थांबली तं काय करायचं, तेवढंच मी शिकवून रायलो. निशाणा मंग पाहू."

"उस्ताद, हमारी कैंची तो आज तक नहीं रुकी," लखन.

"नाईवर आजवर कोणी गोळी नाही चालवली, दरभंगा. आता चालवन. मॅगझिन काढ."

ड्रिल साधी होती. ट्रिगर दाबला, गोळी उडाली नाही, नुसतं टिक् झालं. तर रायफल समोरच रोखून ठेवायची. मोठ्याने ओरडायचं, "रोक!" डाव्या हाताने कॉकिंग हँडल मागे ओढायचं, आत नजर टाकायची. अडकलेलं बाहेर पडलं आणि मॅगझिनमध्ये गोळ्या असल्या, तर हँडल सोडायचं आणि पुन्हा नेम धरायचा. मॅगझिन रिकामी असेल तर ती काढून दुसरी लावायची. पुढचं टोक आधी आत, मग मागे ओढायची, टक् वाजलं पाहिजे. एवढं होईपर्यंत जोडीदार फायर करत राहणार. तुम्ही "रोक" ओरडलात की त्याने "चालू" ओरडायचं. म्हणजे तू तुझं कर, मी आहे. तुमची रायफल पुन्हा तयार झाली की तुम्हीही "चालू" ओरडायचं. माझा जोडीदार लखन.

सांगायला साधी. मला जमेना. उस्ताद समोर उभे राहून माझ्या हातांकडे बघायचे आणि माझी बोटं शाळेत जायची. मॅगझिन तिरकी लागायची, पडायची. घामाने हँडल निसटायचं. रात्री पीठ मळताना मी परातीशी तेच करून बघायचो, तेव्हा यायचं. सकाळी उस्ताद दिसले की गेलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी ते माझ्यापाशी उकिडवे बसले.

"काऊन गा कोल्हापूर, मी पायलं का तुये हात बंद पडतेत?"

"व्हय उस्ताद. शाळेपास्नं हाय तसं."

"हाव का. बरं. मंग मी पायतच नाही."

त्यांनी खोट्या गोळ्या एकेक करून हाताने तपासल्या, पुन्हा आमच्या मॅगझिनमध्ये भरल्या. मग उठले आणि आमच्याकडे पाठ करून मोहाच्या बुंध्याशी बसले, धानाच्या बांध्यांकडे, म्हणजे भातखाचरांकडे तोंड करून.

"कर."

मी केलं. टिक्. रोक. खट् खट्. मॅगझिन बदलली.

"टक् नाही वाजलं," उस्ताद तिकडे बघतच म्हणाले. "लटकून रायली. पुन्हा."

पुन्हा केलं.

"वाजलं. पण 'रोक' उशिरा आला. दरभंगाले सपन पडन का तुया रायफलीचं? पुन्हा."

असा आमचा क्लास चालला. माणूस पाठमोरा बसून चार रायफलींचे आवाज वेगवेगळे ओळखायचा. कोणाचं हँडल अर्धवट मागे आलं, कोणाची मॅगझिन बसली नाही, सगळं कानाने. जाता-येता शिपाई टोमणे मारायचे.

"उस्ताद मुँह फेर के बैठे हैं! देखा नहीं जाता क्या?"

"तुमको तो आँख फाड़ के सिखाया था," उस्ताद म्हणायचे. "क्या आया?"

महिन्याभरात माझे हात माझे झाले. तुम्हाला यात फार काही वाटणार नाही. मला वाटलं होतं. नववीनंतर पहिल्यांदाच मी काहीतरी शिकलो होतो.

मग खऱ्या गोळ्यांचा दिवस आला. रेंज म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी मातीचा भराव. उस्तादांनी प्रत्येकाच्या मॅगझिनमध्ये खऱ्या गोळ्यांत एक खोटी मिसळली होती. कितवी ते आम्हाला माहीत नव्हतं.

माझी पहिली उडाली, दुसरी उडाली. तिसऱ्याला टिक्. "रोक!" ओरडलो, हँडल ओढलं. खोटी गोळी उडून पायापाशी पडली. आणि मी वाकलो. रायफलीवरचा हात काढला आणि गोळी उचलायला गेलो. रायफलीचं तोंड लखनच्या बाजूला वळलं.

"फायर बंद!"

उस्तादांनी स्वतः येऊन रायफल सरळ केली. पुन्हा सुरू केलं. थोड्या वेळाने लखनचं टिक् झालं. तोही वाकला. मग धोबी वाकला, मग पाणीवाला. चौघांत एक सुटला नाही.

आम्ही मान खाली घालून उभे. आता ऐकून घ्यावं लागणार याची तयारी केली होती. उस्ताद पडलेल्या गोळीकडे बघत राहिले. मग हळू म्हणाले, "हे तुमचं नाही गा. इतके वर्स आमीच तुमाले वाकाले शिकवलं."

ते तसेच साहेबांकडे गेले. साहेब भरावाजवळच होते, त्यामुळे आम्हाला ऐकू आलं.

"सर, आज से ट्रेड्समन खोखा नहीं उठाएँगे. ट्रेनिंग पूरी होने तक."

"तो कौन उठाएगा?"

"मैं, सर."

"गिनती कम हुई तो?"

"मेरे नाम पर, सर."

साहेब म्हणाले, "ठीक है."

आणि उस्ताद गुडघ्यावर बसले. तीन पट्ट्यांचा हवालदार गवतातून एकेक खोखा वेचून टोपीत टाकत होता आणि न्हावी, धोबी, कुक, पाणीवाला सरळ उभे राहून बघत होते. असं मी दलात त्याआधी पाहिलं नव्हतं. आमची बोटं वळवळत होती.

"उस्ताद, वो रहा एक, पत्थर के पास," लखनला राहवेना.

"दिखू दे. तू समोर पाय."

दुसऱ्या प्लाटूनचा एक हवालदार तिथे होता. तो हसून म्हणाला, "रामटेके, पट्टी उतार के इनको ही दे दे."

"एक कमी आहे," उस्ताद मान वर न करता म्हणाले. "तुया बुटाखाली असन. पाय उचल."

खरंच बुटाखाली होता. सगळी रेंज हसली, तो हवालदारही.

त्यानंतर प्रत्येक फायरिंगला हेच. एकदा खोखा सापडेना, तर भर दुपारी ते एकटे गवत चाळत राहिले. आम्ही पुढे झालो तर म्हणाले, "उभे रहा. पडलं ते तुमचं नाही. तुमचं समोर आहे." गोळ्या पडत गेल्या, आमच्या माना खाली जायच्या थांबल्या. आम्ही कॅम्पच्या पहाऱ्यावर उभे राहू लागलो. मला भीती वाटायचीच, पण हातांची भीती गेली होती.

धान निसवायला लागलं होतं, लोंब्या बाहेर येत होत्या, तेव्हाची गोष्ट. कॅम्पच्या बोअरचं पाणी तांबडं यायला लागल्याने पिण्याचं पाणी आम्ही जवळच्या बोडीखालच्या विहिरीतून आणायचो. बोडी म्हणजे लहान तळं. तिला एका बाजूने मातीची पाळ. त्या सकाळी बहुतेक कंपनी गस्तीवर गेली होती. पावणेनऊच्या सुमारास आमची पाणी-पार्टी निघाली. कमांडर रामटेके उस्ताद, दोन शिपाई, पाणीवाला, लखन आणि मी. उस्ताद दोघा शिपायांना घेऊन पाळीच्या पूर्वेच्या टोकाला थांबले. मी आणि लखन पश्चिमेच्या टोकाला, विहिरीच्या वर. मध्ये उघडी पाळ, साधारण शाळेच्या मैदानाएवढी लांब, आणि आमच्या बाजूला बेशरमीची झुडपं. त्यामुळे उस्तादांना आम्ही दिसत नव्हतो.

पाणीवाल्याने पहिली बादली सोडली आणि पलीकडच्या झाडीतून फायर आला.

आम्ही पाळीआड पडलो. पाणीवाला विहिरीच्या कठड्यामागे. पूर्वेकडून उस्तादांचा आवाज आला, वायरलेसवरचा.

"पानी पार्टी पर फायर. बोडी के उस पार से. मदद भेजो. ओव्हर."

"रॉजर. दस मिनट. ओव्हर."

समोरचे लोक नुसते झाडीत बसले नव्हते. काही जण वाकून धानातून आमच्या टोकाकडे सरकत होते. तिथून पाळीवर चढले असते तर सगळी पार्टी पाठीमागून त्यांच्या हाती. त्यांना अडवायला त्या टोकाला दोन माणसं होती. एक कुक आणि एक न्हावी.

आम्ही फायर सुरू केला. धानातली हालचाल थांबली, मग पुन्हा सुरू झाली. माझं टिक् झालं.

"रोक!"

"चालू!" लखन ओरडला आणि त्याचा फायर सुरू झाला.

मी हँडल ओढलं. न उडालेली गोळी चिखलात पडली. मी ती पाहिली नाही. फुशारकी मारत नाही, मान खाली गेलीच नाही. हँडल सोडलं, नेम धरला. "चालू!"

मग लखनचं "रोक", माझं "चालू". पुन्हा माझं, पुन्हा त्याचं. मोहाखाली करायचो तसंच. एकदा मॅगझिन बदलता बदलता तो म्हणालाही, "अबे कोल्हापूर, आज खाना कौन पकाएगा?"

थोड्या वेळाने लखन ओरडला, "रोक!" मी "चालू" म्हणून फायर सुरू ठेवला. त्याचं "चालू" येईना. मला वाटलं, मॅगझिन अडकली असेल. बघायला वेळ नव्हता, धानातले लोक पाळीच्या पायथ्याशी आले होते. तेवढ्यात माझी रायफल टिक् झाली. हँडल ओढून पाहिलं, मॅगझिन रिकामी.

"रोक!"

उत्तर नाही.

"रोक! लखन, रोक!"

"चालू!"

तो आवाज लखनचा नव्हता. पूर्वेकडून आला होता. उस्ताद उघड्या पाळीवरून फायर करत पळत येत होते, उभे, सगळ्यांना दिसतील असे. धानातून फायर वळला तो त्यांच्यावर. पायथ्याशी आलेल्यांना डोकं खाली घालावं लागलं. मी मॅगझिन काढली, दुसरीचं पुढचं टोक आत घातलं, मागे ओढली. टक्. "चालू!"

उस्ताद माझ्या शेजारी येऊन कोसळले. गुडघ्याच्या वर रक्त होतं.

"चालव तू," ते म्हणाले. "मी आहो ना."

मदत आली तेव्हा समोरचे झाडीत परत गेले होते. लखनच्या मानेजवळ गोळी लागली होती, श्वास अजून चालत होता. त्याचा हात कॉकिंग हँडलवर होता.

दोघांनाही दवाखान्यात न्यायला एकाच गाडीत घातलं. मी सोबत होतो. उस्तादांनी स्वतःचा पाय बांधून घेतला आणि सगळ्या रस्ताभर लखनच्या गळ्यावर पट्टी दाबून धरली. कोहमाऱ्याच्या चौकात ढाब्यांसमोर ट्रक आडवे लागले होते. आमची गाडी थांबली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. उस्तादांनी पट्टीवरचा हात काढून स्वतःच्या मांडीवर ठेवला. त्यावरून मला कळलं.

दोन दिवसांनी मी कॅम्पवर परतलो, तेव्हा पाणीवाल्याने सांगितलं. त्या दुपारी पाळीवरचे खोखे वेचायचे होते. तो सवयीने पुढे झाला, तर रेंजवर चेष्टा करणाऱ्या त्या हवालदाराने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं. "तुम बैठो, भाई." आणि तो स्वतः चिखलात गुडघ्यावर बसला. कलछी कंपनी हा शब्द नंतर कॅम्पात कोणी काढला नाही.

दवाखान्यात मी उस्तादांना विचारलं, "उस्ताद, उघड्यावर कशाला आलासा? तुमास्नी आमी दिसत बी नव्हतो."

"दिसायचं काय कामच नव्हतं," ते म्हणाले. "तू 'रोक' ओरडला. उत्तर नाही आलं. कोणीतरी द्याले पायजे होतं ना."

पुढे त्यांना साहेबांनी शाबासकीसाठी बोलावलं, तर ते म्हणाले, आधी ठाकूरचं नाव लिहा. पायाची जखम पुरती भरली नव्हती, तरी लखनची पेटी घेऊन ते स्वतः दरभंग्याला गेले. दोन वस्तरे, कात्री, फणी आणि आरसा. तिथे काय बोलणं झालं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मी आता गावी आहे. मला पेन्शन आहे, दोन लेकरं आहेत, संध्याकाळी घरी भाकरी मीच थापतो. लखनला यातलं काही मिळालं नाही. न्हाव्याच्या खुर्चीत बसलो की मानेवर वस्तरा टेकताच मला त्याची बडबड ऐकू येते. गावचा न्हावी विचारतो, काका, काय झालं? काही नाही, म्हणतो. लखन ठाकूर, ट्रेड न्हावी. त्याच्या शेवटच्या "रोक"ला मी "चालू" म्हटलं होतं, आणि त्यापुढे मला त्याच्यासाठी काही करता आलं नाही. ओळखीपाळखीच्यांनी, लेकरांनी, हे वाचणाऱ्या कोणीही, ते नाव लक्षात ठेवावं एवढं मागतो.

उस्ताद निवृत्त होऊन गोंदियाजवळ कुडव्याला राहतात, मुलीच्या शिक्षणासाठी. पाय ओढत चालतात. दर महिन्याला फोन होतो. मी काही बोलायला लागलो की म्हणतात, "मायं काही देणं नाही गा तुया अंगावर. तब्येत सांभाळ." मुलगी नर्सिंग करते. मागच्या फोनला सहज म्हणाले, पोरीचं शिक्षण झालं की लग्नाचं पाहू.

तेव्हा उस्ताद, हे तुम्हाला तोंडावर सांगायला जमलं नसतं, म्हणून लिहून सांगतो. लग्न ठरलं की मला फक्त दिवस कळवा. हळदीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत भट्टी माझी, दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही. तुम्ही मांडवात पाय लांब करून बसायचं. मी गोंदियाचं तिकीट काढीन. परतीचं काढणार नाही, सगळी भांडी घासून होईपर्यंत.